एका यंत्राची पाच दृश्ये
संगणकावर यंत्राची जोडणी हाताळायला शिकणाऱ्यांसाठी एक धडा

काही वर्षांपूर्वी मी दुकानासाठी कापडाचे थान गुंडाळण्याचे एक लहान यंत्र एका वर्कशॉपमधून बनवून घेतले. यंत्राबरोबर एक ड्रॉइंगही मिळाले. कागद मोठा, छपाई सुबक आणि यंत्र बाहेरून जसे दिसते तसेच चित्र. दोन वर्षे यंत्र चांगले चालले. मग ऐन लग्नसराईत रुळाच्या आतले बेअरिंग फुटले. आष्टीतल्या मिस्त्रीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "भाई, यात यंत्र दिसते, पण यंत्राच्या आतले काही दिसत नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. आत कोणते बेअरिंग आहे, ते कोणत्या बाजूने निघते, आधी कोणता नट सोडायचा, यातले काहीच कागदावर नव्हते. यंत्र बनवणाऱ्याने तोपर्यंत धंदा बंद केला होता. शेवटी रूळ कापून काढावा लागला. तो सगळा हंगाम आम्ही मीटरपट्टीने कापड मोजले आणि हातानेच घड्या घातल्या.

पुढे गल्लीतल्या एका मुलाला मी तेच यंत्र संगणकावर काढायला सांगितले. त्याने कॅडचा कोर्स केला होता, भिंतीवर प्रमाणपत्र लावले होते. एकेक पार्ट त्याने सुरेख काढला, सगळे जोडलेही. मी म्हटले, "आता आतले बेअरिंग दाखव." त्याने बाहेरची पत्र्याची झाकणे सरळ डिलीट केली आणि फाइल सेव्ह केली. झाकणांवर ज्या ज्या जोडण्या अवलंबून होत्या त्या सगळ्या तुटल्या आणि पडद्यावर चुकांची रांग लागली. दोन दिवसांची मेहनत गेली. मुलगा हुशार होता, पण त्याला पार्ट बनवायला शिकवले होते, जोडलेले यंत्र दाखवायला कुणी शिकवले नव्हते.

आजचा धडा त्याच गोष्टीचा आहे. तो एका वाक्यात असा: जोडलेल्या यंत्राचे प्रत्येक दृश्य हे कुणा एका माणसाच्या कुठल्या तरी एका प्रश्नाचे उत्तर असते. ज्याला हे समजले त्याला सॉफ्टवेअरची बटणे शिकायला वेळ लागत नाही.

असेंब्ली म्हणजे काय

यंत्राचे आरेखन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी पार्टची: एक दांडा, एक चाक, एक नट. दुसरी पायरी असेंब्लीची: हे पार्ट एकमेकांत जसे बसतात तसे जोडणे. दांडा भोकाच्या मध्यावर, चाक दांड्याच्या खांद्याला टेकलेले, अशी नाती संगणकाला सांगावी लागतात. तिसरी पायरी ड्रॉइंगची: वर्कशॉपमध्ये जाणारा मापांसह छापलेला कागद.

बहुतेक शिकाऊ मुले पहिल्या पायरीवर महिने घालवतात आणि दुसरी धावत ओलांडतात. खरी नोकरी मात्र दुसऱ्या पायरीवर आहे. कारखान्यात सुटा पार्ट कधी एकटा राहत नाही. तो कशात बसतो, कशाला घासतो, कुठून निघतो, हेच तिथे विचारले जाते.

आम्ही कापडवाले हे रोज करतो. एकच थान, पण गिऱ्हाईक वेगवेगळे. एकाला पदर उलगडून दाखवावा लागतो, दुसऱ्याला किनार, तिसरा शिंपी असेल तर तो अर्ज पाहतो आणि चौथा जाणकार कापड उजेडासमोर धरून वीण पाहतो. थान तेच असते. त्यासाठी आम्ही थान फाडत नाही, फक्त घडी बदलतो. असेंब्लीचे दृश्य म्हणजे यंत्राची घडी बदलणे.

शिकायला चरखाच का घ्यावा

सरावासाठी मी पेटीचरखा सुचवतो. आपल्या वर्धा जिल्ह्याला याहून जवळची वस्तू नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. तिथे निरनिराळ्या प्रकारचे चरखे पाहायला मिळतात. त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही आहे. आष्टी, आर्वी, कारंजाच्या मुलांनी एक दिवस काढून तिथे जावे आणि वही घेऊन जावे.

चरख्याला यंत्रशास्त्राचाही मोठा इतिहास आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. अटींमध्ये चरख्याची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, तो नीट देखभाल केल्यास २० वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा खर्चही अल्प असावा, असे होते. म्हणजे यंत्र चालते की नाही एवढेच विचारले नव्हते. ते मोडल्यावर काय होईल, हेही विचारले होते. माझ्या थानाच्या यंत्राबाबत हाच प्रश्न मी विचारायचा विसरलो होतो. पुढे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या प्रयोगांतून घडी घालून नेता येणारा पेटीचरखा आकाराला आला.

या पेटीचरख्यात एका असेंब्लीत जे जे असावे ते सगळे आहे. पेटीचा तळ आणि झाकण आहे, म्हणजे उघडझाप करणारी जोडणी आहे. आडवी बसवलेली दोन चक्रे आहेत, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या चक्रावर फिरवण्याची मूठ आहे. मोठ्या चक्राचा दोर लहान चक्राच्या गरारीवर जातो आणि लहान चक्राचा दोर चातीवर. खेळ संपला की सगळे पेटीत बंद. पार्ट थोडे, पण फिरणारे, सरकणारे, उघडणारे आणि आत लपणारे असे सगळे प्रकार त्यात आले.

लपवणे, थांबवणे आणि पुसणे

दृश्ये बनवण्याआधी तीन शब्दांतला फरक पक्का करा. निम्म्या चुका इथेच होतात.

लपवणे म्हणजे हाइड. पार्ट फक्त नजरेआड होतो. तो आपल्या जागी असतो, त्याच्या जोडण्या चालू असतात, यंत्राच्या वजनात तो धरला जातो. पडद्यामागे बसलेल्या माणसासारखा तो घरातच असतो.

थांबवणे म्हणजे सप्रेस. पार्ट फाइलच्या यादीत नाव ठेवून राहतो, पण संगणक त्याला हिशेबात घेत नाही. वजनातून तो जातो आणि त्याच्याशी बांधलेल्या जोडण्याही थांबतात. जुना, मंद संगणक असेल तर मोठ्या असेंब्लीत याचा उपयोग होतो, कारण भार कमी होतो. पण एक पार्ट थांबवल्यावर त्याच्या आधारावरचे दुसरे पार्ट मोकळे होऊन हलू लागतात, हे ध्यानात ठेवा.

पुसणे म्हणजे डिलीट. पार्ट त्या असेंब्लीतून गेला आणि त्याची सगळी नातीही गेली.

नियम सोपा आहे. दाखवण्यासाठी लपवा. यंत्राचा वेगळा प्रकार करायचा असेल तर थांबवा. पार्ट खरोखर नकोच असेल तरच पुसा. आतले बेअरिंग पाहण्यासाठी झाकण डिलीट करणे म्हणजे खोली पाहण्यासाठी भिंत पाडणे होय.

पाच दृश्ये

आता पेटीचरख्याची असेंब्ली उघडा आणि पुढील पाच दृश्ये तयार करा. प्रत्येक दृश्याबरोबर ते कुणासाठी आहे हे मी लिहिले आहे.

पहिले दृश्य, गिऱ्हाइकाचे. झाकण बंद, सगळे पार्ट रंगासह दिसणारे, यंत्र थोडे तिरके धरलेले. वस्तू किती मोठी, कशी दिसते, एवढेच गिऱ्हाइकाला पाहायचे असते. इथे आतले काही दाखवू नका.

दुसरे दृश्य, चालवणाऱ्याचे. झाकण उघडे, चाती उभी केलेली, दोर लावलेला. हे केवळ कोन बदलून होत नाही. पार्टची जागा बदलते. म्हणून एकाच असेंब्लीत 'बंद' आणि 'उघडे' अशा दोन स्थिती साठवाव्या लागतात. झाकणाच्या बिजागरीचा कोन एका स्थितीत शून्य अंश आणि दुसऱ्या स्थितीत पूर्ण उघडल्याचा द्यावा. दोन वेगळ्या फाइली मुळीच करू नका. उद्या चक्राचे माप बदलले तर ते एका फाइलमध्ये बदलेल आणि दुसरीत तसेच राहील.

तिसरे दृश्य, हिशेब करणाऱ्याचे. पेटी लपवा. फक्त दोन्ही चक्रे, गरारी, दोर आणि चाती ठेवा आणि वरून पाहा. याला आयसोलेट म्हणतात: निवडलेले तेवढे राहते, बाकी सगळे नजरेआड होते. गती कशी वाढते हे या दृश्यात एका नजरेत कळते. समजा मोठे चक्र २० सेंटिमीटरचे आणि त्याचा दोर ४ सेंटिमीटरच्या गरारीवर जातो, तर गती ५ पट झाली. समजा लहान चक्र १५ सेंटिमीटरचे आणि चातीवरची जागा दीड सेंटिमीटरची, तर आणखी १० पट. म्हणजे हाताचा एक फेरा आणि चातीचे ५० फेरे. पेटी समोर असती तर हा हिशेब दिसला नसता.

चौथे दृश्य, खराद्याचे आणि फिटरचे. चक्राच्या आसातून यंत्र उभे कापल्याचे दाखवा. याला छेददृश्य किंवा सेक्शन व्ह्यू म्हणतात. आस भोकात किती सैल आहे, खाली वॉशर आहे की नाही, हे फक्त इथेच दिसते. एक महत्त्वाचा नियम लक्षात ठेवा. आस, बोल्ट, नट, पिन, चावी, रिव्हेट असे भरीव पार्ट लांबीत आले तर ते कापलेले दाखवत नाहीत, अखंडच ठेवतात. संगणकाला ही रीत आपोआप कळेलच असे नाही. कापण्यातून कोणते पार्ट वगळायचे ते आपण निवडायचे असते. शेजारच्या दोन पार्टच्या तिरप्या रेघा वेगवेगळ्या दिशेने किंवा वेगवेगळ्या अंतराने असाव्यात, म्हणजे हद्द स्पष्ट कळते.

पाचवे दृश्य, दुरुस्ती करणाऱ्याचे. सगळे पार्ट आपापल्या आसाच्या रेषेत बाहेर ओढून सुटे मांडलेले. याला एक्स्प्लोडेड व्ह्यू म्हणतात. माझा हंगाम याच एका चित्राअभावी गेला. हे करताना मुले एक चूक नेहमी करतात: पार्ट चारी दिशांना उधळतात. चित्र छान दिसते, पण मिस्त्रीला काही कळत नाही. पार्ट ज्या दिशेने खरोखर निघतो त्याच दिशेने बाहेर काढा आणि ज्या क्रमाने निघतो त्याच क्रमाने मांडा. आधी नट, मग वॉशर, मग चक्र, मग आस. पार्टपासून त्याच्या जागेपर्यंत बारीक रेघ ओढा. म्हणजे खोलणारा बाहेरून आत वाचेल आणि जोडणारा आतून बाहेर.

ज्या यंत्रात एकच जोडणी अनेकदा येते तिथे आणखी एक युक्ती आहे. १९५० च्या दशकात पुढे आलेल्या अंबर चरख्यात एकाहून अधिक चात्या असतात. अशा वेळी चातीचा संच वेगळी उपअसेंब्ली म्हणून एकदाच बनवा, त्याचेच सुटे दृश्य काढा आणि मुख्य यंत्रात तो हवा तितक्या वेळा बसवा. सगळ्या चात्या सुट्या करून कागद भरू नका.

नाव द्या, नाहीतर दृश्य हरवेल

दृश्य तयार केले आणि साठवले नाही, तर माउस फिरवताच ते गेले. साठवताना 'व्ह्यू १', 'व्ह्यू २' अशी नावे देऊ नका. 'बंद पेटी', 'चालू स्थिती', 'गतीचा हिशेब', 'आसाचा छेद', 'खोलण्याचा क्रम' अशी नावे द्या. सहा महिन्यांनी फाइल उघडणारा दुसराच कुणी असेल आणि तो तुम्हाला फोन करून विचारू शकणार नाही.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये याची नावे वेगळी आहेत. सॉलिडवर्क्समध्ये स्पेसबार दाबला की कोनांची पेटी उघडते आणि तिथे स्वतःचा कोन नाव देऊन साठवता येतो. लपवणे, पारदर्शक करणे, रंग यांची नोंद 'डिस्प्ले स्टेट'मध्ये राहते, तर स्थिती आणि थांबवलेले पार्ट 'कॉन्फिगरेशन'मध्ये. पार्टवर बाण नेऊन टॅब दाबला की तो लपतो आणि शिफ्टसह टॅब दाबला की परत येतो. ऑटोडेस्क इन्व्हेंटरमध्ये दिसण्याची नोंद 'व्ह्यू रिप्रेझेंटेशन'मध्ये आणि स्थितीची 'पोझिशनल रिप्रेझेंटेशन'मध्ये असते. पार्ट थांबवण्यासाठी २०२२ च्या आवृत्तीपासून 'मॉडेल स्टेट' आले. सुटे दृश्य मात्र तिथे 'प्रेझेंटेशन' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये तयार होते. क्रिओमध्ये हे सगळे 'व्ह्यू मॅनेजर' या एकाच खिडकीत मिळते.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी फ्रीकॅड आहे. ते मोफत आहे आणि कायदेशीर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तीत असेंब्लीचा विभाग मुळातच दिलेला असून सुटे दृश्य आणि पार्टची यादी दोन्ही करता येतात. पार्ट निवडून स्पेसबार दाबला की तो लपतो, पुन्हा दाबला की दिसतो. चोरीच्या प्रतीवर हुनर शिकून हलाल रोजी कमवायची, हा हिशेब जुळत नाही. म्हणून सुरुवात फ्रीकॅडने करावी, असे माझे मत आहे. पद्धत एकदा हातात बसली की बटणांची नावे बदलल्याने अडत नाही.

दृश्य कागदावर उतरवताना

साठवलेली दृश्ये ड्रॉइंगच्या कागदावर घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. पहिली, प्रक्षेपणाची पद्धत. आपल्याकडे भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या कोनाची पद्धत चालते. तिच्यात वरून पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि डावीकडून पाहिलेले उजवीकडे येते. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची पद्धत आहे, तिथे हे उलट. सॉफ्टवेअरमध्ये कोणती पद्धत निवडलेली आहे ते पाहिले नाही, तर भोक विरुद्ध बाजूला पडते आणि लोखंड वाया जाते. पद्धतीची खूण कागदावर असलीच पाहिजे.

दुसरी, क्रमांक. सुट्या दृश्यातल्या प्रत्येक पार्टला गोलात क्रमांक द्या आणि ते गोल सरळ ओळीत लावा. तिसरी, यादी. क्रमांक, पार्टचे नाव, धातू किंवा लाकूड, नग. बाजारात मिळणारे बेअरिंग, बोल्ट असतील तर त्यांचा नंबर यादीत लिहा. माझ्या कागदावर बेअरिंगचा तेवढा एक नंबर असता, तरी नागपूर किंवा अमरावतीहून ते दुसऱ्या दिवशी आले असते.

ही रीत आपल्याला परकी नाही. इ.स. १२०६ मध्ये अल-जझरी यांनी यंत्रांवरचा आपला अरबी ग्रंथ पुरा केला. त्यात यंत्राच्या चित्रातील भागांना अक्षरे दिली आहेत आणि त्या अक्षरांच्या आधाराने कोणता भाग कसा बनवायचा, कुठे बसवायचा ते सांगितले आहे. आजचे गोलातले क्रमांक हेच काम करतात. हजरत दाऊद (अ.स.) यांना चिलखताच्या कड्यांचे माप बरोबर राखण्याचा आदेश झाल्याचा उल्लेख कुरआनात आहे. कडी एकेकटी कितीही चांगली असली, तरी ती शेजारच्या कडीत बसली तरच चिलखत होते.

पालकांना आणि शिकणाऱ्यांना

कॅडच्या क्लासची फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. मुलाकडून पूर्ण असेंब्ली किती करून घेणार? सुटे दृश्य, छेददृश्य आणि पार्टची यादी त्यात असेल का? मोजमाप खऱ्या वस्तूवरून घ्यायला लावणार, की पुस्तकातलीच चित्रे गिरवायची? उत्तर गुळमुळीत मिळाले तर पैसे खिशातच ठेवा. ज्यांना पाया पक्का हवा त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा यांत्रिक आरेखकाचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्यांनी त्याचा विचार करावा.

शिकणाऱ्याने महिनाभरात एवढे करावे. घरातली एक वस्तू घ्या: शिलाई मशीनची बॉबिन केस, सायकलचे पेडल, पाण्याचा नळ. ती खोला, मापे घ्या, संगणकावर जोडा आणि वरील पाच दृश्ये नावासह तयार करा. मग पाचवे दृश्य छापून अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ती वस्तू कधी खोललेली नाही. तुम्ही गप्प बसा. त्याने कागद पाहून वस्तू खोलली आणि पुन्हा जोडली, तर तुम्ही पास झालात. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर तोच कागद न्या.

गल्लीतल्या त्या मुलाने पुढे माझ्या यंत्राचे काम पुन्हा पहिल्यापासून केले. या वेळी झाकणे डिलीट केली नाहीत, लपवली. खोलण्याच्या क्रमाचा कागद आता यंत्राच्या शेजारी भिंतीवर प्लास्टिकमध्ये लावला आहे, बेअरिंगच्या नंबरासह. गेल्या हंगामात बेअरिंग पुन्हा गेले. त्याच मिस्त्रीने कागद पाहिला, तीन नट सोडले, आणि असरच्या अजानपूर्वी यंत्र सुरू झाले.